जमिलाबींचे दात

माघ शुद्ध ७, शके १८६५

आज दुकानात दात आले! खोटे दात — लालसर हिरड्यांसकट, पंच्यात गुंडाळलेले. बार्शीचे दाताचे डॉक्टर अण्णाराव दर बाजारी परंड्याला येऊन वेशीजवळ खुर्ची मांडतात, त्यांच्या एका रोग्याचे. पकडीची सोन्याची तार तुटली होती आणि रोगी तिकडं बोळक्या तोंडानं वाट बघत बसलेला. मी नवी तार ओढली, डाख दिला, घासून गुळगुळीत केली. डॉक्टरांनी भिंग लावून बघितलं, पुन्हा बघितलं. मग माझ्याकडंच बघत राहिले.

म्हणाले, "बब्रुवान, हा हात जोडव्यांत वाया चाललाय. पाडव्यापर्यंत दर बाजारी माझ्याजवळ बसा. जमलं तर बार्शीला या. दोन-तीन वर्षांत स्वतःची पाटी लावाल."

मी हसलो. हसण्यासारखंच आहे! वय अडतीस. चौदाव्या वर्षापासून शेगडीपुढं बसलोय. पोरगी जवळच वाशीला दिली, घरात आम्ही दोघं नवरा-बायकोच. आता कुठं शिकायला जायचं?

पण नंतर दिवसभर कामात लक्ष नव्हतं. लढाई लागल्यापासून नवं काम येत नाही. नथीचा फासा, बुगडीचं मळसूत्र, तुटलेलं जोडा, वाकलेलं सरळ करा. आणि खरं सांगतो, कंटाळा आलाय. मी घडवलेली बोरमाळ पेटीत जाते आणि वर्षातून दोनदा बाहेर येते. दात रोज भाकरी खातो! मला हे काम हवंय. लिहून टाकलं एकदाचं.

माघ शुद्ध ८

मथुरेला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "दुसऱ्याच्या तोंडात हात घालायचा? तमाकू खाल्लेल्या? आन् त्याच हातानं घरी येऊन जेवायचं?"

साबण असतो, म्हटलं.

"मग साबणच जेवा."

माघ शुद्ध १४

फजिती. शब्द दुसरा नाही.

सोनारी गावचा दगडोबा आला होता. माणूस बैलासारखा दणकट, दाढ किडलेली, गाल हा एवढा सुजलेला. डॉक्टर म्हणाले, तुम्ही फक्त डोकं धरा. धरलं. त्यांनी चिमटा आत घातला, दाढ हलली, काहीतरी करकरलं, दगडोबाच्या ओठावरून रक्ताचा ओघळ आला — आणि मी खाली! दगडोबा तोंडात कापूस घेऊन खुर्चीवरून उठला आणि त्यानं मला तांब्यातलं पाणी पाजलं. रोग्यानं! भर बाजारात!

मला हे कळतच नाही. आजवर परंड्यातल्या निम्म्या पोरांचे कान मी टोचलेत. पोर किंचाळतं, मग आई त्याला समजवायला "हाण रं ह्या मेल्या सोनाराला!" म्हणत माझ्याच पाठीत लटका धपाटा घालते. चोवीस वर्षं धपाटे खाल्ले, कधी डोळ्यापुढं अंधारी आली नाही. पण कानाच्या पाळीतून टिपूसभर येतं. हे वेगळंच निघालं.

डॉक्टर म्हणाले, "पहिल्यांदा होतं असं."

माघ पौर्णिमा

पडल्याचं मथुरेला सांगितलं नव्हतं. तिला काल दुपारीच कळलेलं. आज जेवताना नुसती हसत होती.

माघ वद्य ६

पुन्हा पडलो. या खेपेला बसून होतो म्हणून लागलं नाही.

तरी दिवस वाया गेला नाही! डॉक्टरांनी मेणाचा साचा, त्यावरून चुन्याचा ठसा, ठशावर दात कसे मांडायचे ते दाखवलं. हे म्हणजे तर माझंच काम. मी मांडलेली ओळ बघून ते म्हणाले, मला इतकी वर्षं करून अशी जमत नाही. मग परीक्षाच घातली — एक अख्खी कवळी तुम्ही करा, वरची-खालची.

कुणाची? तर जमिलाबींची. निजामाच्या करोडगिरीच्या जकात नाक्यावरून निवृत्त झालेले रसूलमियाँ आहेत ना, त्यांची बीबी. दोन वर्षं खिचडी आणि भिजवलेली पोळी खाऊन दिवस काढतात. डॉक्टरांनी रसूलमियाँना कितीदा सांगितलं. पण परक्या पुरुषापुढं बुरखा वर करायचा, वर तोंड उघडायचं, आणि त्यानं आत बोटं घालायची! बाई म्हणाल्या, मरेन पण नाही. नुसत्या त्याच कशाला, पाच वर्षांत डॉक्टरांच्या खुर्चीत या तालुक्यातली एक बाई बसलेली नाही. हिंदूंचीही नाही.

मग साचा घ्यायचा कसा? मला एकच नाव सुचलं.

माघ वद्य ७

मथुरा नाहीच म्हणाली. तीनदा. चौथ्यांदा विचारलं, "त्यांना खरंच चावता येत न्हाय? बोरंबी न्हाय?"

माघ वद्य ९

आज रसूलमियाँच्या घरी साचा घेतला! पडद्याच्या अलीकडं मी आणि रसूलमियाँ, पलीकडं त्या दोघी. मी इकडून सांगत होतो — मेण कोमट पाण्यात मऊ कर, वाटीसारखं वळव, सगळीकडून सारखं दाब, आता हलवू नको, आता —

"तुमी गप बसा बरं. मला दिसतंय, तुमाला न्हाय."

रसूलमियाँ माझ्याकडं बघून मिशीत हसले. त्यांच्याही घरात हाच कायदा दिसतो.

मग पलीकडून "अगे माँ!" ऐकू आलं आणि लगेच दोघींचं हसू. पुढचा एक हलणारा दात राहिला होता आणि साचा नीट बसेना, म्हणून मथुरेनं तो पदराच्या टोकात धरून उपटला. विचारलंसुद्धा नाही! बाहेर आली तेव्हा तळहातावर दात आणि दुसऱ्या हातात साचा. दाताकडं मी बघितलं नाही.

घरी येताना म्हणाली, "अवो, त्यांचे दात काळे लावा हां. हा बगा की, कसा निळाकाळा हाय."

मी म्हटलं, बाजारात सोनं काळं विकतं का कुणी? दाताच्या कामातलं तुला काय कळतं!

माघ वद्य १३

डॉक्टरांनी साचा उजेडाकडं धरला. कुठं सुरकुती नाही, कुठं बुडबुडा नाही. "हा कुणी घेतला?" घरच्यांनी, म्हटलं. हलणाऱ्या दाताचंही सांगितलं. ते "हं" एवढंच म्हणाले.

त्यांच्या डबीतल्या चिनी मातीच्या दातांतून मी एकेक निवडला. पिवळट सगळे बाजूला. फक्त शुभ्र घेतले, मोत्यांची जोडी लावतात तसे. काय दिसतायत!

माघ वद्य ३०

कवळीचं रबर शिजवायचं यंत्र बार्शीला, म्हणून इंग्रजी हद्दीत जाऊन आलो. परत येताना नाक्यावरच्या शिपायानं अडवलं. "डब्यात काय? सोना?" दुसऱ्या एका कामाचं तारेपुरतं सोनं होतंच, खोटं कसं बोलू? उघडा म्हणाला. उघडलं. वरचा-खालचा जबडा त्याच्याकडं बघून हसला. तो दोन पावलं मागं सरकला — "ढक्कन लगाव! जाव, जाव!"

वाटभर एकटाच हसत आलो.

फाल्गुन शुद्ध ५

आज कवळी बसवली. जे झालं ते लिहायलाही लाज वाटते.

मथुरा आत गेली. मी इकडं छाती फुगवून बसलो, की आता "वाह" ऐकू येणार. ऐकू आला तो आरसा जमिनीवर ठेवल्याचा आवाज. मग जमिलाबी रडत, चिडून — "ये किसके दाताँ लाये? मेरे नै ये! मियाँ जिंदा है मेरा!"

रसूलमियाँचा चेहरा उतरला. त्यांनी मला हळू आवाजात समजावलं. निकाहाच्या दिवशी जमिलाबींच्या दातांना मिस्सीची काळी पूड पहिल्यांदा लागली, ती पन्नास वर्षं रोज लागतेय. त्यांच्या पिढीत काळे दात म्हणजे सौभाग्य. पांढरे दात कुंवार पोरींचे, नाहीतर नवरा गेलेल्या बाईचे. आणि मी नवरा पडद्याअलीकडं बसलेला असताना तिच्या तोंडात विधवेचे दात बसवले! मोत्यासारखे!

सोनाराची खोड, दुसरं काय. चकाकलं की चांगलं. ज्या तोंडासाठी दात करायचे ते तोंड मी एकदाही बघितलेलं नाही. जिनं बघितलं तिनं सांगितलं होतं, तर तिला गप्प केलं.

फाल्गुन शुद्ध ६

मिस्सी चोळून बघितली. चिनी मातीवर टिकत नाही. चूळ भरली की पांढरं! काजळ, लाख, सगळं करून झालं. डॉक्टरांना काय तोंड दाखवू?

संध्याकाळी मथुरेला म्हणालो, माझं चुकलं. तुझं ऐकायला हवं होतं.

ती म्हणाली, "व्हय." मग कवळी हातात घेतली, उलटीसुलटी केली. "खऱ्या दाताला तरी सगळीकडं कुठं धरती मिस्सी? फटीत जास्त धरती. तुमी ह्याची चकाकी घालवा आदी. खरवडा." चकाकी घालवा! चोवीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

फाल्गुन शुद्ध ९

तीन दिवस उलटं काम. घासून घासून जिल्हई घालवली, दातांच्या मधे बारीक कोरणीनं खाचा पाडल्या. मथुरा रोज जमिलाबींकडं जाऊन त्यांत मिस्सी भरते; आता चूळ भरली तरी जात नाही. कवळी हिरडीला कुठं टोचते ते बोटानं चाचपून खडूची खूण करून आणते, मी तिथं घासतो. कालपासून तेही तीच घासते, कानस घेऊन. म्हणते, तुमी जरा जास्तच घासता.

फाल्गुन शुद्ध १४

आनंद! आनंद! दुसरं काही लिहायचंच नाही, पण लिहितो.

पडद्याअलीकडं बसलो होतो. मथुरा आत जमिलाबींना म्हणाली, "खाला, आता ह्ये." आणि मग — कुडुम. भाजलेल्या हरभऱ्याचा आवाज! पुन्हा कुडुम, कुडुम. रसूलमियाँ उठून उभे राहिले. जमिलाबी तिकडून म्हणाल्या, "बब्रुवान बेटा, अब मेरे दाताँ हैं!" रसूलमियाँनी डोळे पुसले आणि मला कवटाळलं. मीही रडलो, त्यात लाज कसली? अशी शाबासकी आजवर एका दागिन्याला मिळाली नव्हती.

ठरलं. पाडव्याला बार्शीला जायचं.

फाल्गुन वद्य ४

जमिलाबींनी गावभर हरभरे खाऊन दाखवले असावेत! घरी सहा बायका येऊन गेल्या. दोघी मोहल्ल्यातल्या, एक लिंगायताची सून, तिघी बाजारपेठेतल्या. सगळ्या मथुरेलाच विचारतात. मी ओट्यावर बसून बायकांची रीघ बघत होतो आणि मनात माझी पाटी रंगवत होतो.

फाल्गुन वद्य ५

दगडोबाची दुसरी दाढ. डोळे उघडे ठेवायचे असं ठरवून गेलो. ठेवले. पडलो. पाणी पुन्हा दगडोबानंच पाजलं — आता त्याला सवय झालीय.

मथुरा भाजी घेऊन तिथंच उभी होती. तिनं पिशवी खाली ठेवली, माझ्या जागी जाऊन दगडोबाचं डोकं धरलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "घ्या वडून." डॉक्टरांनी ओढली. निघताना मला एवढंच म्हणाले, "पुढच्या बाजारी मी येत नाही, पत्र पाठवतो."

फाल्गुन वद्य १०

पत्र नाही. शेगडी पेटवायचा उत्साह नाही. नाही म्हणाले तर? मथुरा म्हणते, जेवा आदी.

फाल्गुन वद्य १४

पत्र आलं.

"पाडव्याला बार्शीला या. तुम्ही दात घडवा, तुमच्याइतका हात मी दुसरा पाहिला नाही. पण खुर्चीजवळ उभं राहायचं शिक्षण मी मथुराबाईंना देईन. त्याला लागतं ते काळीज त्यांच्याकडं आहे. बायका त्यांच्यापुढंच तोंड उघडतील. अक्षरओळख नसेल तर तेवढी करून आणा."

दोनदा वाचलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मथुरेला वाचता येत नाही. माझ्यापुरतं वाचून घडी घातली असती तर तिला कधी कळलं नसतं. ती समोर बसून तांदूळ निवडत होती. "काय म्हन्त्यात डाक्टर?"

जसं लिहिलंय तसं सगळं वाचून दाखवलं.

तिनं सूप बाजूला ठेवलं. "मला जमंल?"

जमेल, म्हटलं.

"मग आज, आत्ता शिकवा."

घरात पाटी नाही. या वहीची उरलेली कोरी पानं फाडून तिला दिली.