मिठाची हाळी

सारोळे,
१२ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आप्पा,

शिवानीचा पाया पडून नमस्कार. कळप सोडून डेअरीत लागले तवापासनं फोन केला की तुमी "आईला देतो" म्हणून मोकळे होता, म्हणून हे पत्र. पहिलंच सांगते, सगळी मेंढरं धड हायेत. आता निवांत बसून वाचा.

आईचा गुडघा कसा हाय? हितं थंडी लई. माझं बरं चाललंय. तुमी सगळ्यांना सांगत असता ना, "मेंढरांना मीठ घालायचं सोडून मशीनला घालती" म्हणून? तर ऐका. ते मशीन म्हंजी जड पाणी मऊ करणारा सॉफ्टनर; त्याच्या टाकीत मोहरीएवढे पिवळे मणी असतात. बोअरच्या पाण्यातला चुना ते धरून ठेवतात, म्हणून बॉयलरमधी खपली धरत न्हाई. मणी भरले की त्यांच्यावरनं मिठाचं पाणी सोडायचं. धरलेला चुना ते सोडतात आन् परत कामाला लागतात. ते खारट पाणी मागच्या खड्ड्यात जातं.

सोमवारी तेच करत होते. कुमारदादानं आपली मेंढरं आणून शेजारच्या रानात मुक्कामाला बसवलीत, हे मला ठाऊकच न्हवतं. मागं गेले तर बांधापलीकडं आपली काळीपांढरी बांडी मेंढी!

मेंढरं खड्ड्यातलं पाणी प्याली, आप्पा. दादाला बोलू नका, तो बिचारा झाडाखाली भाकरी खात होता. आन् मेंढरं आपणहून आली न्हाईत. म्या हाळी दिली. मीठ चाटायला बोलवायची, तुमी शिकवलेली. इतक्या दिसांनी आपलं मेंढरू दिसलं, तोंडातनं निघूनच गेली. अख्खा कळप धावत आला, आन् मीठ तर खड्ड्यातच होतं.

बांडी झिंगल्यावाणी करायला लागली. बाकीची पाण्यासाठी नुसती वराडत होती. दादा त्यांना हौदाकडं हाकणार, तेवढ्यात म्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "एकदम पाजू नका, दगावतील. गोडं पाणी थोडं थोडं द्या." मग मी हौदापुढं आडवी उभी राहिले आन् दादा एकेकीला तांब्यानं पाजत बसला. मला रडू आवरंना. वाटलं, आता आप्पा जन्मात बोलायचे न्हाईत.

तिन्हीसांजेला बांडी उठली आन् माझ्या ओढणीचं टोक चघळायला लागली. लबाड मेली! इतकं हलकं वाटलं की मी तिथंच मातीत बसले. खड्ड्याला आता जाळी बसवून घेतलीय.

जाताना दादाला विचारलं, दरसाल मुक्काम वरच्या रानात असतो, औंदा हितं कसा? आधी उगंच मेंढरं मोजायला लागला. मग म्हणाला, "आप्पांनीच सांगितलं. डेअरीजवळ बस, पोरगी सुकली का बघून ये. तिला मातर सांगू नको."

सुकले न्हाई, आप्पा. स्वतः येऊन बघा. आन् आलात की फाटकावरनं हाळी द्या, हातातलं टाकून धावत येते.

तुमच्याच कळपातली,
शिवानी