मऊ शॉकअप घ्यावेत की कडक

आबा,

तुमची तब्येत कशी आहे? गिरणीचं पीठ छातीत बसून जो खोकला लागला होता, तो तिकडं तरी थांबला का? मायची कंबर कशी आहे, आता भिंतीला न टेकता बसते का? आणि मायची माय, जवळा बाजारची आपली आजी, तिला डाव्या डोळ्यानं दिसून राहिलं का न्हाई? इकडं आम्ही सगळे बरे. तुमची सून ठणठणीत आहे. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात. बरी नाही ती फक्त तुमची मोटारसायकल. तिचे मागचे शॉकअप बसलेत. तेल गळतं, आणि खड्डा आला की सीट थेट माकडहाडाशी बोलते. दुकानदारानं दोन जोड पुढं ठेवलेत, एक मऊ, एक कडक. मी दोन्ही हातानं दाबून पाहिले आणि कळल्यासारखी मान हलवली. तुमचा पत्ता माझ्यापाशी नाही, तरी लिहायला बसलो, कारण हा घोळ तुम्ही एकदा निस्तरलेला आहे.

सत्तर सालानंतरची गोष्ट. गोरेगावात आपली गिरणी नवी होती, गाडी मात्र घेतली तेव्हाच जुनी. जवळ्याहून सांगावा आला की आजीनं अंथरूण धरलंय आणि लेकीचं नाव काढून राहिली. मायची कंबर तेव्हा अशी भरलेली की एसटीत बसून हिंगोली गाठली तरी तिला उचलून उतरवावं लागे, आणि जवळा तर हिंगोलीच्याही पुढं, औंढ्यापल्याड. बैलगाडीचं तर नावच नको. राहिली मोटारसायकल, आणि तिचे मागचे शॉकअप मेलेले. माय नुसती भाकरी थापताना मधेच थांबायची, तव्यावरची करपायची. ते तुम्ही दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मला घेऊन वारंगा फाट्याच्या दुकानात निघालात.

त्या दुकानातही दोनच जोड होते. एक नवा, कडक. दुसरा वापरलेला, मऊ. दुकानदार म्हणाला, "कडक घेऊन जा. दोन पोती टाका मागं, हलणार न्हाई." तुम्ही म्हणालात, "पोती न्हाई, माणूस बसवायचंय. दोन्ही द्या, लावून बघतो, एक वापस आणतो." तो हसला. "ह्या काय चपला हायत मालक, घालून बघाया?" पण दिले.

मग गिरणीतला तो तमाशा. मायच्या वजनाचं पोतं भरायचं म्हणून तुम्ही तिला धान्याच्या काट्यावर बस म्हणालात. माय उभीच.

"मी काय जवारीचं पोतं हाय का?"

"पोतं बोलत न्हाई, तेवढाच फरक हाय."

दळणाला आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता त्यांनीच मायला काट्यावर बसवलं.

पोतं सीटवर आवळलं आणि वर, मायनं लावलेल्या दह्याचं गाडगं. ते कुणाच्या डोक्यातून निघालं, तुमच्या की तिच्या, मला आजही माहीत नाही. तुम्ही गाडी ओढ्यापर्यंत नेताय, आणताय. माय उंबऱ्यात बसून फडकं सोडते, आत बोट घालते. कडक जोडावर दह्याचं पार ताक. शॉकअप बदलून पुन्हा फेरी. मऊ जोडावर दही बसलेलं तसंच, फक्त मधोमध एक मोठी भेग. ओढ्याच्या खड्ड्यात मऊ जोड पुरता दबून गाडी तळाला आपटली होती. तुम्ही कपाळाला हात लावला. हाही जोड कामाचा नाही, म्हणजे जाणंच नाही. मी मायकडं बघायचं टाळलं.

माय त्या भेगेकडं बघत म्हणाली, "मऊच ठेवा."

"अन् आपटलं तर? कंबर जाईल की."

"ते कडकवाले सारी वाट टोचतेत, त्याला विलाज न्हाई. हे खड्ड्यातच आपटतेत. खड्डा यायच्या आधी मला सांगा, मी हातावर अंग उचलून धरते."

"जवळ्यापर्यंत सांगतच बसू?"

"सांगा की. घरी तरी कुठं काय सांगता."

पहाटे तुम्ही निघालात. माय एका अंगानं बसलेली, एक हात सीटच्या कडीला. वेशीपर्यंत तुमचा आवाज येत होता. "खड्डा. खड्डा. बारका हाय, बस."

चौथ्या दिवशी परत आलात तेव्हा माय आपल्या पायानं उतरली. आजीनं तिला ओळखलं होतं, तिच्या हातचे दोन घास खाल्ले होते. पुढं महिनाभरानं आजी गेली, तेव्हा माय रडली, पण तिच्या रडण्यात तळमळ नव्हती. त्या प्रवासाचं मी तिला एकदा विचारलं. म्हणाली, "हिंगोलीपस्तोर खड्डेच सांगितले. पुढं सडक बरी होती." मग पुढं गुमान गेलात का, विचारलं, तर म्हणाली, "तरी बी ते बोलतच होते." काय, ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता तुमची सून म्हणते, कडक घ्या. मी म्हटलं, काहून? तर म्हणाली, "मऊ घ्यायचे तर खड्डा सांगणारा लागतो. तुमी गाडीवर बसलात की तोंडाला कुलूप." तिचं बराबर आहे, आबा. आमचा सारा संसार ह्या सीटवर झाला, पण मागच्या माणसाशी वाटेत काय बोलायचं ते मला कधी सुचलंच नाही. दुकानदार आठवडी बाजारापर्यंत दोन्ही जोड ठेवतो म्हणालाय. तेव्हा औंढ्याच्या सडकेवर खड्डे नव्हते तिथं तुम्ही मायला काय सांगत होता, तेवढं लवकर लिहून कळवा.