अण्णांची काठी

३ नोव्हेंबर, सोमवार
ठरलं! अण्णांची काठी विकायची.

बिलियर्डसारखा पूल खेळतात, ती काठी. लोक क्यू म्हणतात, आमच्या घरात ती कायम काठीच. अण्णांना जाऊन वर्ष झालं. वडिलांचं गोडाऊन, बेदाण्याचा धंदा आणि ही काठी, सगळं माझ्याकडे आलं. धंदा चालवतो. काठी कपाटामागे उभी आहे. पडून राहिलेला माल भाव घालवतो, हे मला कुणी शिकवायला नको. वीस वर्षं तासगावात बेदाणा विकतोय!

सकाळी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकले. जेवायच्या आत साताऱ्याहून वीरधवलरावांचा फोन. महाबळेश्वरला हॉटेल काढतायत. काचेच्या पेटीत लावायची म्हणे. शनिवारी येतायत.

आई बस्तीतून, आमच्या जैन मंदिरातून, दर्शन करून आली तेव्हा सांगितलं. "तुझं तू बघ," एवढंच म्हणाली. चामड्याची चप्पलसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ न देणारी बाई. काठीच्या टोकाला चामड्याची चकती असते. तिला सुटकाच वाटली असणार.

४ नोव्हेंबर
साक्षी म्हणते, "अहो, घाई करताय." बायको असं म्हणाली की सौदा हमखास चांगला होतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार
बेदाण्याचे सौदे दिवाळीपासून अजून बंदच. वेळ होता. काठी घेऊन गोडाऊनच्या माडीवर गेलो. बंद पडलेल्या कुठल्याशा हॉटेलातून अण्णांनी आणलेलं टेबल तिथंच आहे. वरची रिकामी खोकी उतरवली, हिरवं कापड झटकलं. विकायच्या आधी माल हाताळून बघावा.

देखणी आहे, वादच नाही. अण्णांनी मिरजेच्या सतारवाल्याकडून मुद्दाम करवून घेतलेली. तंबोऱ्यावर असते तशी वेलबुट्टी, फक्त वेल द्राक्षाची. पण खेळायला? आखूड! अण्णा सहा फूट. मी त्यांच्या खांद्याला लागायचो, तर मलाही तोकडी पडते. कोपर मागे नेलं की हातात काठीच उरत नाही. मग लक्षात आलं — माडी अरुंद! भिंतीला अडू नये म्हणून आखूड करवली. अण्णा हुशार.

आणि टोकाची चकती चामड्याची नाहीच! कापडाच्या घड्या डिंकात दाबून बसवल्यात. खेळातसुद्धा धर्म सोडला नाही माणसाने. हे वीरधवलरावांना आवर्जून सांगायचं.

७ नोव्हेंबर
नानासो भेटले. अण्णांचे दोस्त, दुपारी माडीवर खेळायला असायचे. त्यांना चकतीचं कौतुक सांगितलं तर हसायलाच लागले. "धर्म कसला रं? तुझा अण्णा आमच्यासंगं साध्या चामड्याच्या काठीनंच खेळायचा. ह्या काठीला आमाला कवा हात लावू दिला न्हाई. सवता बी लावला न्हाई गड्या."

असेल. चांदीच्या ताटात रोज कोण जेवतं? ठेवणीतली होती. ठेवणीतल्या मालाला भाव जास्तच.

८ नोव्हेंबर, शनिवार
वीरधवलराव येऊन गेले. दिलदार माणूस, घासाघीस नाही. मी शब्द दिला. अट एकच — पेटीखाली पितळी पाटी लावायचीय. काठी कुणाची, खेळ कसा होता, दोन ओळी लिहून द्या. "गोष्ट नसली तर नुसतं लाकूड हो ते," म्हणाले. बुधवारी माणूस पाठवणार.

ते गेल्यावर काठी परत कपाटामागे ठेवताना हात थांबला. अण्णांचे कपडे देऊन टाकले, चष्मा दान केला. त्यांच्या हाताची म्हणावी अशी एवढीच वस्तू उरलीय. वाईट वाटलं. खूपच वाटलं. पण दिलेला शब्द फिरवायचा नाही, हेही अण्णांचंच.

१० नोव्हेंबर, सोमवार
पाटीसाठी आईला विचारलं, अण्णा खेळायचे कसे? गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं खेळायचे."
"तू बघितलंस कधी?"
"मला कामं का थोडी व्हती?"

खरंच थोडी नव्हती. लहानपणचं आठवतं — दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, आम्हाला आजीच्या हवाली करायचं आणि आई-अण्णा दोघं गोडाऊनला निघायची. "बेदाणा बघून येतो!" रोज. ऐन पावसाळ्यात, गोडाऊन रिकामं असतानासुद्धा! धंद्याची एवढी काळजी आता कोण करतं?

११ नोव्हेंबर, मंगळवार
मजकूर तयार केला. 'तासगावचे बेदाणा व्यापारी धरणेंद्र यांची आवडती काठी. या काठीने खेळताना ते कधीही हरले नाहीत.' दुसरं वाक्य थोडं फुगवलेलं. विक्रीत तेवढं चालतं. आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

आई ताडकन उठली. "काठी कुणालाबी दे. पाटीवर खोटं घालू नगंस."
"खोटं काय त्यात?"
"त्येंची न्हवं ती." पदर सारखा केला. मग म्हणाली, "माझी हाय."

मजकुराचा कागद मी खाली ठेवला.

"मिरजेला माप द्यायला मला घिऊन गेलते. माझ्या उंचीची, माझ्या हाताची. चामड्याला मी शिवायची न्हाई, म्हून कापडाचं टोक. आन् हरायचं म्हणशील, तर त्ये रोजच हरायचे." आणि हसली! अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"
"सासूबाईंना कळलं असतं तर? गावाला कळलं असतं तर? सूनबाई काठी घिऊन खेळतीया! तवा बोलली न्हाई, मग सवयच लागली. आन् आता बोलून काय? खेळायला हायेत का त्ये?"

बेदाणा बघून येतो! वीस वर्षं माल पारखणारा मी, आणि घरातलं एवढं दिसलं नाही. तिला न विचारता तिची काठी साताऱ्याला देऊन मोकळा झालो होतो.

"मग विकू नको ना?"
आईने काठी हातात घेतली, टोक निरखलं, अंगठ्याने दाबून बघितलं.
"शबुद दिलायस न्हवं? मग इक की. पण आदी मला हरव."

१२ नोव्हेंबर, बुधवार
वीरधवलरावांना कळवलं — आज माणूस पाठवू नका, शब्द कायम आहे, मी जिंकलो की काठी तुमची. आज तीन डाव झाले. तिन्ही हरलो. वीरधवलराव म्हणाले, उद्या पुन्हा विचारतो. विचारोत बापडे!

माडीवर जायला निघालो तेव्हा साक्षीने विचारलं होतं, दिवे लागायच्या वेळी दोघं कुठं चाललात?

"बेदाणा बघून येतो," आई म्हणाली.