उलटा रोवलेला खांब

लाझारुस, माझ्या धाकट्या,

देवमाता तुला सांभाळो. काल दारात आधी आले आपल्या गावचे मास्तर, मागून नवे फादर! आपल्या चर्चला शंभर वर्षं होणार, त्याचं पुस्तक काढतायत. त्यासाठी बोटीनं एवढ्या लांब कुपांगला, माझ्याकडे! मी आनंदानं पान-सुपारी तीनदा पुढे केली.

फादर म्हणाले, "आजी, चर्चचा पहिला खांब उलटा रोवला होता, मुळाकडची बाजू वर. अपशकुन म्हणून लोक आत येईनात. लाझारुस सांगतात, जुन्या गोऱ्या फादरांनीच चूक ओळखली."

लबाडा! नव्या फादरांना खूश करायला? चूक आपल्या आईनं ओळखली. बारा वर्षांची पोर, सगळ्यांदेखत म्हणाली, "फादर, झाड कधी डोक्यावर उभं राहतं का?" तुलाही तिनं शंभरदा सांगितलंय.

आता आपल्या दोघांचं सांगणं जुळलं तरच ते छापणार. थडग्यावरचं तिचं नावसुद्धा पुसलं गेलंय रे. खरं सांग त्यांना.

मी मजेत आहे. मुलगा-सून दिवसभर कामावर, मग मी भिंतीवरच्या पालीशी गप्पा मारते. तुझा गुडघा कसा आहे?

तुला भेटून ते पुन्हा माझ्याकडे येणार आहेत, झावळ्यांच्या रविवारच्या आधल्या गुरुवारी.

तुझी बहीण,
बर्गिता