उशाशी टांगलेला तारा

१२ फेब्रु. २००४, गुरुवार. गिरीज.
लिहायला उशीर झाला, माफी असावी. कोणाची मागतोय ठाऊक नाही, वहीचीच समजू. नोव्हेंबरपासून एक ओळ नाही. विनी घर सोडून गेली त्या दिवसापासून पेन उचलवलं नाही.
दमा कालपासून परत. औषधाचा पंप दोनदा ओढला. केळींना पाणी लावलं आणि अर्ध्यात सोडलं. सून फिलू म्हणाली, "पप्पा, बसा हो. तुमच्यापेक्षा त्या केळी बऱ्या उभ्या आहेत."
बसलो.

१३ फेब्रु., शुक्र.
झालं ते एकदा लिहून टाकतो. डोक्यात फिरायचं थांबलं तर बरं.
विनी माझी नात, वय बावीस. नोव्हेंबरात मी अंथरुणाला खिळलेला. एका सकाळी जाग आली तर उशाशी खिळ्याला तारा टांगलेला. झावळीच्या पातीचा, पाच टोकांचा, भोवती गोल, लाल दोरा. घरातल्या आल्तारावर बघितलं, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारचा आमचा पातीचा क्रूस जागेवर नाही. आशीर्वाद दिलेला क्रूस उसवून तिने हा तारा विणला होता. तो क्रूस मी विणलेला. चाळीस वर्षं सगळ्या आळीचे मीच विणतो.
घाबरलो. तिला विचारायचं सोडून शेजारच्या मार्थाबाईला नेऊन दाखवला. ती दोन पावलं मागे सरली. "पास्कोलभाऊ, ही सैतानाची सही! घरात चेटूक शिरलंय तुमच्या."
संध्याकाळी ती धरून प्रार्थनेच्या सात बायका आल्या. वि.ला मधे बसवलं, सगळ्यांचे हात तिच्या डोक्यावर, तासभर मोठमोठ्याने. मीही हात ठेवला. वि. रडली नाही. पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी पुण्याला गेली. पत्ता दिला नाही.
तारा आणि तिच्या मेणबत्त्या बंबात घातल्या. तिची वही घालवेना. चौथी शिकलेला माणूस मी, हाताने लिहिलेलं जाळायला धजत नाही. मार्थाबाईला सांगितलं, जाळली. गादीखाली आहे.

१६ फेब्रु., सोम.
वही काढली. फिलू बाजाराला गेल्यावर. चष्मा, शिवाय भिंग.
पहिल्याच पानावर नियम: कोणाला इजा होता कामा नये. हे चेटकिणींचं? मग खुणा, एका पानाला एक. चंद्र तीन, वाढता, पुरा, उतरता. मेणबत्तीवर सुईने काय कोरायचं. सगळं सायबर कॅफेतून उतरवलेलं, खाली तिचे शेरे. "दालचिनी आईच्या डब्यातून. रागावेल."
हसू आलं. मग खोकला.

१७ फेब्रु., मंगळ.
ताऱ्याचं पान सापडलं. पाच टोकं म्हणजे माती, पाणी, वारा, अग्नी आणि पाचवा जीव. आजाऱ्याच्या उशाशी, वाऱ्याचं टोक त्याच्या तोंडाकडे.
पुढे खूण बनवायची रीत. इच्छा एका वाक्यात लिहायची, परत आलेली अक्षरं खोडायची, उरलेली एकात एक गुंफून एक आकृती करायची. तिने केलेलं वाक्य वर लिहिलंय: आजाला श्वास पुरू दे.
खाली: "आशीर्वादाची पात घेतली, म्हणजे त्यालाही चालेल. गाठ त्याचीच घातली."
खरं आहे. ती गाठ माझी. सात वर्षांची असताना तिला ओट्यावर मीच शिकवली. तारा हातात घेतला तेव्हा बोटांना कळली होती. मी मानलं नाही.
आज जेवलो नाही. फिलूला सांगितलं, पोट.

२० फेब्रु., शुक्र.
वही उलटी केली तर मागच्या बाजूनेही लिहिलेली. हे वेगळं. इंग्रजी कादंबरी, वि. मराठीत उतरवत होती. मैत्रीण मेघासाठी, चंदनसारची. तिला इंग्रजी जड जातं. पानाच्या कडेला लिहिते, "मेघा, इथे हसू नकोस", "मेघा, हे दोनदा वाच".
गोष्ट दोन शाळकरी मुलींची, समुद्राकाठचं गाव. नावं माझ्या तोंडात बसत नाहीत. एक सायकलवाली, एक बेकरीवाल्याची. सायकलवाली दुसरीला सायकल शिकवते, मागे धावते. पंधरा पानं एवढंच. पण सोडवत नाही.

२३ फेब्रु., सोम.
त्या दोघींचं प्रेम आहे. मैत्रीचं नव्हे, लग्नातलं असतं तसं. मला वाटलं मीच चुकीचं वाचतोय, मागे जाऊन परत वाचलं. नाही, तसंच आहे. बेकरीवाल्याची स्वतःलाच विचारते, मला झालंय काय. कोणाला विचारणार?
सायकलवालीची आजी आहे गोष्टीत. सगळं बघते आणि गप्प. तिचा फार राग आला. मग मीही दिवसभर गप्पच बसून होतो.
मला हे पटलं असं लिहीत नाही. कळलं असंही नाही. पण वि. आणि मेघा... एवढं कळायला मला परक्या देशातल्या दोन मुली लागल्या.

२५ फेब्रु., राखेचा बुधवार.
मिस्साला गेलो. फादरनी कपाळावर राखेचा क्रूस काढला. गेल्या वर्षीचे घरोघरचे क्रूस जाळून ही राख होते. यंदा आमच्या घरचा त्यात नव्हता.
बाहेर मार्थाबाई. "भाऊ, तुमच्या घरावरचं सावट गेलं बरं का. दिसतंय."
म्हटलं, "घरही रिकामं झालं."
"तुमची जीभ आजारात बरी चालते," म्हणाली आणि गेली. वाईट बाई नाही. मी बोलावलं म्हणून आली होती.

२८ फेब्रु., शनि.
मुलगा विल्सन जेवताना बोलला. विनीला स्थळ आलंय, नंदाखालचं. ईस्टर झाला की मे महिन्यात उरकायचं. फिलू ताटात बघत होती.
"पोरगी घरात नाही आणि लग्न कोणाचं?" मी.
"येईल. पुढच्या रविवारी त्या मेघाला फोन करतो, निरोप तीच पोचवेल. पप्पा सिरीयस आहेत, शेवटचं बघून जा. धावत येईल बघा."
"मी सिरीयस नाही."
"मग खोका थोडं." हसला. मग हसायचा थांबला. "पप्पा, एखाद्या पोराची भानगड असती तर समजावली असती. हे मी कोणाला सांगू? आली की परत जाऊ देणार नाही. फक्त तुम्ही पडून राहा."
त्याचे डोळे लाल. मी हो म्हणालो नाही. नाही म्हणायलाही दम पुरला नाही.

१ मार्च, सोम.
काल मिस्सा चुकली. दिवसभर एकच चाललंय डोक्यात. पडून राहिलो तर ती येईल. दारात दिसेल. चार महिने हेच मागतोय. पाहिजे ते आपसूक मिळतंय, आणि मला फक्त निजायचंय.
ती तारा बांधत होती तेव्हाही मी असाच पडलेला होतो.

३ मार्च, बुध.
चंदनसारला जाऊन आलो. घरी सांगितलं, डॉक्टरकडे. एस.टी.ने विरार, स्टेशनचा पूल चढून पूर्वेला, मग रिक्षा. पुलावर चारदा थांबलो. मेघाच्या वडिलांचं आडनाव ठाऊक होतं म्हणून बिल्डिंग सापडली.
मेघा पोरांच्या शिकवण्या घेत होती. मला बघून पांढरी पडली. "आजोबा, एकटे आलात? बसा ना आधी. बसा."
पोरांना घालवलं. पाणी दिलं.
"विनी बरी आहे?"
"बरी आहे. जॉब लागलाय." मग जरा तिखट, "सगळ्यांना सांगते, चेटकिणीची डिग्री घरीच मिळाली, आजाच्या हस्ते."
पिशवीतून वही काढून तिच्या पुढ्यात ठेवली.
"आम्हाला वाटलं, ही जाळली असेल तुम्ही."
"नाही."
"वाचलीत?"
"हळू वाचतो. म्हणून सगळी वाचली."
तिने वहीवर हात ठेवला. "मग?"
म्हटलं, "सायकलवाली बरी मुलगी आहे."
तिने तोंड फिरवलं. खांदे हलत होते. हसत होती की काय, मला दिसलं नाही.
मग विल्सनच्या फोनचं सांगितलं. रविवारी येईल, विश्वास ठेवू नकोस. ती म्हणाली, "मी सांगून तिला पटणार नाही, आजोबा. तुमचं नाव निघालं की डोकं चालत नाही तिचं. तुम्ही लिहून द्या, तुमच्या हाताने. पत्ता मात्र नाही देणार. मी पोचवते, वाचायचं की नाही ते ती ठरवेल."

५ मार्च, शुक्र.
विनी,
पत्र जमेना. दोन कागद फाडले. म्हणून ह्या वहीची पानंच फाडून देतो, १२ फेब्रु.पासूनची. सगळं त्यात आहे, माझी लाजही.
तुझा बाप परवा निरोप पाठवेल की आजा शेवटच्या घटका मोजतोय. मोजत नाही. दमा आहे, नेहमीचा. येऊ नकोस. आलीस तर परत निघू देणार नाहीत, आणि अडवायची ताकद माझ्यात नाही.
खरंच तसं झालं तर मग काय? हे मेघालाही विचारलं. तिलाही सुचलं नाही. खरं असेल तेव्हा तू मानणार नाहीस, आणि ते मीच करून ठेवतोय. कालपासून हाच विचार. तरी लिहितो. येऊ नकोस.
त्या संध्याकाळी आठवा हात माझा होता. माफ कर म्हणायला उशीर झालाय, तरी म्हणतो.
तुझ्या लग्नाचं, मेघाचं, ह्यातलं मला अजून नीट कळत नाही. विचारीत नाही. तुला सांगावंसं वाटलं तर सांग, हळू वाचीन.
दोन ओळी पाठव. रागाच्या असल्या तरी चालतील. मेघाच्या घरी पाठव, दर बुधवारी जाऊन विचारीन, मला पूल चढता येतोय तोवर. पण विनी, लवकर पाठव.