पूर्वेची भिंत

नागपूर, ८ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्ही ‘बरं आहे’च्या पुढे जात नाही, म्हणून पत्र. उत्तर निदान अर्धं पान हवं. तुम्ही गणिताचे मास्तर होतात, तरी एका ओळीत नको.

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला मी रुग्णालयाचा आराखडा घेतलाय. दर्शनी भागावर क्युबिझमच्या चित्रांतले तुकड्यातुकड्यांचे कोन काढले होते. सौमित्र सरांनी विचारलं, की हे रुग्णालय आहे की बर्फीचं ताट. चित्रकारांचे आकार उचलू नका, त्यांनी काय पाहिलं ते बघा, म्हणाले. मग मी इम्प्रेशनिझमच्या चित्रकारांकडे वळले. ते लोक एकच गवताची गंजी सकाळी, दुपारी, संध्याकाळी रंगवायचे. गंजी तीच, उजेड वेगळा. तेव्हापासून एक विचारायचं आहे. आई आयसीयूत असताना तुम्ही एकोणीस दिवस बाहेर बसलात. तिथे उजेड कसा होता?

आईला जाऊन सात महिने झाले. मी पोचू शकले नाही, पण शेवटी तुम्ही तिच्याजवळ होतात, याचा फार आधार वाटतो. जेवत जा. माझ्यावर तुमची माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची,
वल्लरी

कोथरूड, पुणे, १७ सप्टेंबर

चि. वल्लरीस,
अनेक आशीर्वाद.

पोळ्यांना बाई येतात, जेवण होतं. खालचे वैजनाथराव रोज फिरायला बोलावतात. नको म्हटलं, की विचारतात, निवृत्त काय मी एकटाच झालोय.

तिथे उजेड नव्हता. खिडकी एकही नाही. ट्यूबलाइट चोवीस तास चालू.

एक सांगायचं राहिलं आहे. शेवटच्या दिवशी सिस्टरांनी मला आत बोलावलं. सुनीती शुद्धीवर होती. उजाडलं का, असं तिने विचारलं. माझ्या घड्याळात सात वाजले होते, पण सकाळचे की संध्याकाळचे, ते कळेना. बाकावर केव्हा झोप लागली, किती वेळ, आठवत नव्हतं. मोबाइल बंद पडला होता. सिस्टरांना विचारायची लाज वाटली. नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण अंदाजे उत्तर मी तिला कधी दिलं नव्हतं. पाहून येतो, असं सांगून तीन जिने उतरलो. उजाडलं होतं. वर आलो तोवर ती गेली होती.

मी जवळ होतो असं तुला सांगितलं, ते खरं नाही.

रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

तुझा,
बाबा

नागपूर, १४ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

जवळजवळ महिनाभर लिहिलं नाही. राग आला होता. आई एकटी होती, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. राग अजून पुरता गेलेला नाही, खोटं कशाला लिहू.

जुने नकाशे फाडले. आता दर्शनी भाग साधा आहे. आयसीयूची पूर्वेची भिंत काचेची केली, बाहेर छोटं अंगण दिलं. सकाळचं ऊन आधी समोरच्या भिंतीवर येतं, मग सरकत खाटेवर उतरतं. वेळ कोणाला विचारावी लागत नाही. प्रत्येक खाटेजवळ घरच्या माणसासाठी एक खुर्ची आहे. सरांना उजेड आवडला. खुर्च्या मात्र बाहेर काढा, जागा वाया जाते, असं म्हणाले. मी नाही म्हटलं. आराखडा गुंडाळून बाहेर आले.

सत्तावीस तारखेला अंतिम परीक्षण आहे. खुर्च्या ठेवल्या तर मार्क जातील, कदाचित वर्षही. आराखडा सोबत आहे. काय करू, ते कळवा. तब्येतीला जपा, आणि मनात काही ठेवू नका.

तुमची,
वल्लरी

कोथरूड, पुणे, १९ ऑक्टोबर

चि. वल्लरीस,
अनेक आशीर्वाद.

राग असू दे. त्याला कारण आहे.

आराखडा टेबलावर पसरला. त्यातलं मला फारसं कळत नाही, म्हणून पट्टी घेऊन मोजलं. खुर्चीपासून उशीपर्यंत दोन फूट. हात पोचतो.

वर्ष पुन्हा करता येईल. माप कळावं म्हणून खुर्चीत एक माणूस काढला आहेस. त्याला तिथून उठवू नकोस.

तुझा,
बाबा