बाबांचा संघ आणि माझे सोमवारचे निकाल

प्रिय बाबा,

आज सोमवार. चहा ओतला आणि सवयीने तुमच्या खुर्चीकडे वळून निकाल सांगायला तोंड उघडलं. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, तरी हे अजून होतंच. पण आज सांगण्यासारखं खरंच काहीतरी आहे! म्हणून म्हटलं, सरळ पत्रच लिहावं. त्याआधी एक कबुली द्यायची आहे. रागावणार नाही ना?

तुमचा संघ बंद पडला होता, बाबा. तुम्ही असतानाच.

कारखान्याने तुम्हाला पंपांचं काम शिकायला तिकडे धाडलं, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. स्लोव्हाकियातलं नदीकाठचं ते लहानसं गाव, चौदा महिने. चौलच्या वाडीत नारळ-सुपारीखाली वाढलेल्या माणसाने बर्फ पहिल्यांदा पाहिला तो फुटबॉलच्या मैदानावर. लोक परदेशातून घड्याळं आणत, रेडिओ आणत. तुम्ही आणलात एक लोकरी टोपी आणि एक फुटबॉलचा संघ!

त्या संघाची कथा तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलीत! वीटभट्टीच्या कामगारांनी तो भट्टीच्या नावाने काढला. युद्धातल्या हिवाळ्यात लोकांनी गोलचे खांब तोडून चुली पेटवल्या, आणि युद्ध संपल्यावर घरांची छपरं व्हायच्या आधी नवे खांब रोवले. मग पंपाच्या कारखान्याने संघ हाताशी धरला, तेव्हा नाव कारखान्याचं झालं. राज्य बदललं, कारखाना गेला, मग गावाचं नाव आलं. "तीन नावं झाली, पण संघ तोच," तुम्ही म्हणायचात. "लग्नात बायकांचं नाव बदलतं, म्हणून माणूस बदलतं का?" त्यावर आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "तुम्हाला काय ठाऊक!"

मला सगळ्यात आवडायची ती गोलकीपरची गोष्ट. वरच्या गटात जायचा शेवटचा सामना, आणि त्याने हातातला चेंडू स्वतःच्याच जाळीत सोडला. तो तुमच्या शेजारच्या लेथवर काम करायचा. दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याला कुणी एक शब्द बोललं नाही. फक्त जेवणाच्या सुट्टीनंतर त्याच्या लेथवर सात-आठ सफरचंदं ठेवलेली होती. त्यातलं एक तुमचं होतं.

असा संघ बंद पडल्याचं तुम्हाला कसं सांगणार होते मी? पलीकडच्या तीरावरचं गाव, ज्याचं नावही तुम्ही तोंड वाकडं करून घ्यायचात, त्याच्याच संघात तुमचा संघ विलीन करून टाकला. रंग गेले, नाव गेलं, मैदानाला कुलूप लागलं. नेमकं तेव्हाच काचबिंदूने तुमची नजर गेली होती. पेपर गेला, टीव्ही गेला, राहिला होता तो मी फोनवर वाचून सांगायचे तो सोमवारचा निकाल. त्या सकाळी तुम्ही विचारलंत, "मग? काल काय झालं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन-एक. जिंकलो."

एक खोटं पचवायला दहा लागतात म्हणतात. मी तर सबंध दोन वर्षं खोटे सामने खेळवले! कधी बरोबरी, कधी निसटता विजय. हरू मात्र दिलं नाही. तुमचं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं.

आणि मग तो जानेवारी. आपल्याकडे जानेवारी म्हणजे क्रिकेटचे दिवस, गावोगाव सामने. मी बिनधास्त सांगून मोकळी झाले, "काल घरच्या मैदानावर तीन-शून्य!" तुम्ही कप खाली ठेवलात. मग म्हणालात, "यंदा बर्फ लवकर वितळला म्हणायचा." आणि बशी पुढे केलीत. तिकडे थंडीत दोन-तीन महिने मैदानं बर्फाखाली असतात, सामनेच नसतात, हे मला मागाहून कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं! पण पुढच्या सोमवारी तुमचं आपलं तेच, "मग? काल काय झालं?"

तुम्हाला कळलं होतं का? की मी तुम्हाला फसवत राहिले आणि तुम्ही फसलेलेच गेलात? हा प्रश्न दोन वर्षं मला टोचत होता. शेवटी परवा शेजारच्या हसनचाचांना सगळं सांगून टाकलं. सोमवारच्या चहाला ते असायचेच की. ते आधी हसले, मग टोपी काढून डोळे पुसले.

"अगो, त्याला ठाव व्हतं," ते म्हणाले. "मला बोलला, हसन, पोर माझी दर सोमवारी खोटं बोलते, पन बोलते झकास. तू गप ऱ्हा. तिचा हिरमोड करू नको."

बाबा! मग मला का नाही सांगितलंत? दोघंही एकमेकांसाठी नाटक करत बसलो होतो होय? एवढा राग आला तुमचा, आणि त्याच वेळी छातीवरचा धोंडा उतरला. काल कित्येक दिवसांनी दुपारी मी गाढ झोपले.

आता बातमी. तुमच्या त्या नदीकाठच्या गावच्या लोकांनी संघ पुन्हा उभा केला! फोनवर भाषांतर करून तीनदा वाचलं. अगदी तळाच्या गटातून सुरुवात, पण रंग तेच, पिवळा-निळा. मैदानाचं कुलूप काढलं, गवत लोकांनीच कापलं. फोटोत अर्धे खेळाडू पोट सुटलेले दिसतात, आणि गोलकीपर म्हणे गावातला पाववाला आहे.

तेव्हा बाबा, आता शब्द देते. यापुढे दर सोमवारी जो असेल तोच निकाल सांगेन. पदरचा एक गोल घालणार नाही. चहा घ्या आणि ऐका, हा माझा पहिला खरा निकाल.

काल आपण पाच-शून्यने हरलो!

तुमची,
शुभा